नारायण भास्कर खरे

डॉ. नारायण भास्कर खरे (१८८४ – १९७०) हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे काँग्रेस पक्षाचे पहिले पंतप्रधान होते. व्यवसायाने ते डॉक्टर होते. प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखास त्या काळी मुख्यमंत्री न म्हणता पंतप्रधान म्हणत. जुलै १९३८ मध्ये वर्धा येथे झालेल्या काँग्रेसच्या बैठकांनंतर त्यांना हे पद सोडावे लागले. हा प्रसंग ‘खरे प्रकरण’ या नावाने ओळखला जातो. मंत्रिमंडळाच्या प्रमुखाचा अधिकार राजाच्या प्रतिनिधीकडून येतो, विधिमंडळाकडून येतो की पक्षाकडून, हा प्रश्न या प्रकरणामुळे भारतात प्रथमच ठळकपणे पुढे आला.

प्रारंभीचे जीवन

खरे यांचा जन्म पनवेल येथे झाला. लाहोर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी नागपूर येथे व्यवसाय केला. असहकाराच्या काळात ते राजकारणात आले. नागपूरहून त्यांनी ‘तरुण भारत’ हे पत्र काढले. प्रांतिक कायदेमंडळाचे आणि पुढे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे ते सदस्य होते.

१९३५ चा कायदा आणि प्रांतिक राज्यकारभार

ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार ब्रिटिश प्रांत व संस्थाने यांचे एक संघराज्य राजाच्या अधिसत्तेखाली स्थापन व्हावयाचे होते. पुरेशी संस्थाने सामील न झाल्याने हा संघराज्याचा भाग कधीच अमलात आला नाही. प्रांतिक स्वायत्ततेचा भाग मात्र १ एप्रिल १९३७ पासून ११ प्रांतांत लागू झाला.

प्रांतात राजाचा प्रतिनिधी गव्हर्नर असे. मंत्र्यांची निवड व नेमणूक तो करी आणि त्याची मर्जी असेपर्यंत मंत्री अधिकारावर राहत. ही कायद्याची भाषा होती. इंग्लंडमधील प्रघात असा की, राजा बहुमताच्या नेत्यास पाचारण करतो, तो नेता आपले सहकारी निवडतो आणि त्याने राजीनामा दिला की सबंध मंत्रिमंडळ संपुष्टात येते. गव्हर्नरला दिलेल्या सूचनापत्रात स्थिर बहुमत मिळवू शकेल अशा व्यक्तीच्या सल्ल्याने मंत्री नेमावेत व त्यांच्यात सामुदायिक जबाबदारीची भावना वाढवावी, असे सांगितले होते. परंतु प्रत्यक्ष कायद्यात पंतप्रधानपदाची स्वतंत्र तरतूद नव्हती. मंत्र्यांनी राजीनामा द्यावा असे सांगण्याचा पंतप्रधानाचा अधिकार त्यामुळे केवळ प्रघातावर अवलंबून होता.

पंतप्रधानपद

१९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांच्या प्रांतिक विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले. गव्हर्नरच्या विशेषाधिकारांविषयीच्या वादामुळे पक्षाने काही महिने मंत्रिपदे स्वीकारली नाहीत. जुलै १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या कार्यसमितीच्या बैठकीत पदस्वीकारास संमती मिळाली आणि त्याच महिन्यात खरे यांचे मंत्रिमंडळ नागपुरात अधिकारावर आले.

या प्रांतात हिंदी भाषक महाकोशल, मराठी भाषक नागपूर विभाग आणि वऱ्हाड असे तीन घटक होते. वऱ्हाडवर निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य केलेले होते. मंत्रिमंडळात महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे होते. या गटाशी खरे यांचे मतभेद वाढत गेले. मे १९३८ मध्ये पचमढी येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाच्या मध्यस्थीने तडजोड झाली, परंतु ती टिकली नाही.

खरे प्रकरण

२० जुलै १९३८ रोजी खरे यांनी राजीनामा दिला. रामराव देशमुख व पुरुषोत्तम गोळे या मंत्र्यांनीही राजीनामे दिले. शुक्ल, मिश्र व मेहता यांनी पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याशिवाय पद सोडण्यास नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी आपला अधिकार वापरून या तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैला खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. त्यात अग्निभोज या दलित मंत्र्यांचा समावेश होता.

संसदीय मंडळाचे अध्यक्ष वल्लभभाई पटेल होते, तर सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. वर्धा येथे खरे यांना पाचारण करण्यात आले आणि २३ जुलैला त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. महात्मा गांधींचे वास्तव्य तेव्हा वर्ध्याजवळील सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे होते. तेथेही खरे यांच्याशी चर्चा झाली, परंतु त्यांच्यासमोर ठेवलेल्या निवेदनावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. कार्यसमितीने खरे यांना दोषी ठरवले, तसेच गव्हर्नरच्या घाईवरही टीका केली. २७ जुलैला वर्धा येथे विधिमंडळ पक्षाने शुक्ल यांची नेतेपदी निवड केली.

खरे यांची भूमिका अशी होती की, सहकारी निवडणे व बदलणे हा पंतप्रधानाचा हक्क असून विधिमंडळाबाहेरच्या समितीने त्यात हस्तक्षेप करणे संसदीय पद्धतीस धरून नाही. काँग्रेसचे म्हणणे असे की, मतदारांनी पक्षाच्या कार्यक्रमाला कौल दिला आहे आणि पक्षाला डावलून गव्हर्नरच्या साहाय्याने मंत्री काढणे म्हणजे परकीय सत्तेचे हात बळकट करणे होय. पहिली बाजू इंग्लंडच्या प्रघाताशी जुळणारी होती. मात्र त्या प्रघातातील राजा स्वदेशी संसदेला बांधील असतो, तर वायली हे लंडनमधील सरकारला उत्तरदायी होते.

उत्तरायुष्य

१९४३ ते १९४६ या काळात खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. १९४७ मध्ये ते अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले. त्यांच्या कारकिर्दीत तेथे मेव मुसलमानांविरुद्ध मोठा हिंसाचार झाला. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांना पदावरून दूर केले. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले आणि पहिल्या लोकसभेत ग्वाल्हेरचे प्रतिनिधी होते. १९५९ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

नंतरची घटनात्मक स्थिती

१९५० च्या राज्यघटनेत मुख्यमंत्रिपदाचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतो आणि इतर मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमतो, तसेच मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. राज्यपालाची मर्जी असेपर्यंत मंत्री अधिकारावर राहतात, ही १९३५ च्या कायद्यातील शब्दयोजना मात्र कायम आहे. पक्षश्रेष्ठींच्या अधिकाराविषयी या अनुच्छेदात काहीही म्हटलेले नाही. वर्ध्यात उपस्थित झालेल्या प्रश्नाचा तेवढा भाग आजही प्रघातावरच सोपवलेला आहे.