हवाई बेटांचा योसेपा

अमेरिकेत वा युरोपात प्रवास करताना पांढरा शुभ्र सदरा, गडद रंगाचा टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेल्या कोवळ्या मुलांची जोडी कधी ना कधी दृष्टीस पडते. ही मॉर्मन पंथाची मिशनरी मुले. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडायचे, पंथाने नेमून दिलेल्या मुलखात दोन वर्षे राहायचे, तिथली भाषा शिकायची आणि वेतनाविना धर्मप्रचार करायचा, असा त्यांचा परिपाठ. २०१९ पासून या मुलांना आठवड्यातून एकदा घरच्यांशी फोनवर बोलण्याची मुभा मिळाली आहे. याच पंथाचा एक मुलगा १८५४ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, समुद्रापलीकडे धाडला गेला. तेव्हा फोन नव्हता आणि वाट पाहणारे आईवडीलही नव्हते. पुढे तो पंथाचा सर्वोच्च अध्यक्ष झाला. अमेरिकेच्या इतिहासात तो जोसेफ एफ. स्मिथ म्हणून ओळखला जातो. हवाई बेटांवर मात्र तो अखेरपर्यंत योसेपाच राहिला.

जोसेफचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ रोजी मिसुरी राज्यातल्या फार वेस्ट या गावी झाला, तेव्हा त्याचे वडील हायरम स्मिथ कैदेत होते. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा हायरमचा धाकटा भाऊ. १८३० साली स्थापन झालेल्या या पंथाविषयी शेजाऱ्यांच्या मनात संशय आणि द्वेष पेटलेला होता. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगावर जमाव चालून गेला आणि दोघेही भाऊ मारले गेले. छोटा जोसेफ तेव्हा साडेपाच वर्षांचा होता.

त्याची आई मेरी फील्डिंग मूळची इंग्लंडची. नवऱ्याच्या मागे ती खचली नाही. मुलाबाळांना घेऊन, बैलगाड्या जोडून तिने पश्चिमेची वाट धरली. सात-आठ वर्षांचा जोसेफ त्या वयात बैल हाकू लागला. १८४८ च्या सप्टेंबरात हे कुटुंब सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तिथे झोपडे उभारून, शेत कसून संसार थोडा स्थिरावतो न स्थिरावतो तोच २१ सप्टेंबर १८५२ रोजी आई वारली. तेरा वर्षांच्या मुलाचा आधारच तुटला. धाकटी बहीण मार्था अ‍ॅन हे आता त्याचे सर्वस्व झाले. शाळेत गुरुजी चामडी पट्ट्याने तिला मारायला निघाले, तेव्हा जोसेफ मधे पडला आणि त्याने गुरुजींनाच चोप दिला. शाळा सुटली ती कायमचीच. त्यानंतर काही काळातच, एप्रिल १८५४ च्या धर्मपरिषदेत, परदेशी जाणाऱ्या धर्मप्रचारकांच्या यादीत त्याचे नाव वाचून दाखवण्यात आले. मुक्काम होता सँडविच बेटे, म्हणजेच आजची हवाई बेटे.

पंथाचा नियम कडक होता. प्रचारकाने पैशाची थैली बरोबर घ्यायची नाही, जिथे जाईल तिथल्या लोकांच्या आतिथ्यावर राहायचे. पण बोटीचे भाडे तर भरावेच लागणार. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर जोसेफने सांताक्रूझच्या डोंगरातील एका कारखान्यात छपरासाठी लागणाऱ्या लाकडी फळ्या करण्याचे काम केले आणि मजुरीतून भाडे जमवले. २७ सप्टेंबर १८५४ रोजी तो होनोलुलूच्या किनाऱ्यावर उतरला.

हवाई तेव्हा अमेरिकेचा भाग नव्हते. ते स्वतंत्र राज्य होते आणि तिसरा कामेहामेहा गादीवर होता. आधीच्याच वर्षी देवीच्या साथीने तिथे हजारो माणसे दगावली होती. १८५० मध्ये तिथे दाखल झालेल्या पहिल्या दहा मॉर्मन प्रचारकांपैकी कित्येक निराश होऊन परतले. पण जॉर्ज क्यू. कॅनन याने स्थानिक भाषा आत्मसात करून मूळ रहिवाशांमध्येच काम उभे केले. पंथाची ही धडपड जगभर चालली होती. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा प्रचारक आपल्या मुंबईतही उतरला होता आणि पुढे पुण्याच्या छावणीपर्यंत पोहोचला होता. पण इथे त्या कामाने मूळ धरले नाही. हवाईत मात्र ते रुजले.

जोसेफला माउई बेटावरील कुला या डोंगरउतारावरच्या भागात धाडण्यात आले. तिथे एकही शब्द कळेना आणि त्यातच त्याला जोराचा ताप चढला. परक्या मुलखात, परक्या भाषेत, पंधरा वर्षांचे पोर अंथरुणाला खिळले. तेव्हा मा मानुही नावाच्या एका हवाईयन बाईने त्याला आपल्या घरात घेतले, दिवसरात्र उशाशी बसून त्याची शुश्रूषा केली आणि पोटच्या मुलासारखे त्याला जपले. ज्यांना तारायला म्हणून हा मुलगा आला होता, त्यांनीच प्रथम त्याला तारले.

बरा झाल्यावर तो भाषेच्या मागे लागला. सुमारे शंभर दिवसांत तो हवाईयन भाषेत सहजपणे बोलू लागला. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा घरातली माणसेच त्याची पाठशाळा होती. इतकी लवकर ही भाषा बोलणारा गोरा मुलगा लोकांना कौतुकाचा वाटू लागला आणि सोळाव्या-सतराव्या वर्षीच त्याच्यावर संपूर्ण माउईतील अनुयायांची जबाबदारी येऊन पडली.

त्याच्या रोजच्या आयुष्यात भव्य असे काही नव्हते. दऱ्याखोऱ्यांतून पायपीट करायची, मिळेल त्या गवती झोपडीत मुक्काम करायचा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, प्रवचन द्यायचे, उरलेल्या वेळात कपडे धुवायचे आणि ठिगळे लावायची. पोटाला मुख्यतः पोई. आपल्याकडच्या अळूचाच हा प्रकार. आपण अळूच्या पानांचे फदफदे करतो, तर हवाईतील लोक त्याचे कंद भाजून वा उकडून कुटतात, पाणी घालून लगदा करतात आणि तो आंबट होऊ देतात. एकाच भांड्यात बोटे बुडवून सर्वांनी तो खायचा. युटाच्या मुलाला हे प्रथम घशाखाली उतरेना. पुढे तेच त्याचे अन्न झाले.

हा मुलगा साधुपुरुष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या रोजनिशीत पिसवांचा वैताग आहे, भुकेची तक्रार आहे आणि ज्यांच्या घरी तो जेवत होता त्यांच्या राहणीविषयी तुच्छतेचे कठोर शेरेही आहेत. एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या माणसाचा अहंकार त्याच्याही अंगी होता. परंतु त्याच वेळी त्याच लोकांवाचून आपले एक दिवसही चालत नाही, हा अनुभवही तो रोज घेत होता. या दोन भावनांच्या ओढाताणीतच तो मोठा झाला.

१८५६ मध्ये लानाई बेटावर लागलेल्या आगीत त्याची पेटी जळाली. कपडे गेले, पुस्तके गेली, पहिल्या दोन वर्षांची रोजनिशीही गेली. त्यानंतर काही काळ त्याच्यात आणि सोबत्यात मिळून कपड्यांचा एकच जोड होता, एक सभेला गेला की दुसरा अंथरुणात पडून राही, अशी हकिगत सांगितली जाते. बहीण मार्था अ‍ॅनला तो पत्रे लिहीत असे. उत्तर यायला महिनेच्या महिने जात.

याच दारिद्र्यात त्याला पडलेले एक स्वप्न त्याने म्हातारपणी, १९१८ मध्ये, अनुयायांना सांगितले. स्वप्नात तो घाईघाईने कुठेतरी निघाला होता. वाटेत त्याने स्नान केले, गाठोड्यातले स्वच्छ पांढरे वस्त्र नेसले आणि एका मोठ्या वाड्यात प्रवेश केला. दारात चुलते उभे होते. उशीर झाल्याबद्दल त्यांनी टोकले, तेव्हा उशीर झाला असला तरी आपण निर्मळ आहोत, असे त्याने सांगितले. आत वडील होते आणि मांडीवर मूल घेऊन बसलेली आई होती. फाटक्या, मळक्या कपड्यांत परदेशी भटकणाऱ्या अनाथ मुलाने स्वच्छ वस्त्राचे आणि आईच्या भेटीचे स्वप्न पाहावे, यात नवल ते काय! त्या रात्रीनंतर आपण मुलगा न राहता पुरुष झालो, असे ते सांगत.

१८५७ मध्ये अमेरिकन सरकारने युटावर सैन्य पाठवले आणि बाहेरच्या प्रचारकांना परत बोलावण्यात आले. कॅलिफोर्नियामार्गे येताना दारू प्यालेल्या घोडेस्वारांनी त्यांचा तळ गाठला आणि पिस्तूल रोखून मॉर्मन आहेस का, असा जाब विचारला. बरोबरचे लोक झुडपांत दडले असताना एकोणीस वर्षांच्या जोसेफने ठामपणे होकार दिला आणि तो गुंड थक्क होऊन हस्तांदोलन करून निघून गेला, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

पुढचे आयुष्य वादळीच ठरले. १८६४ मध्ये ते पुन्हा हवाईला गेले, ते आता वरिष्ठांचे दुभाषी म्हणून. त्यांच्या पंथात तेव्हा बहुपत्नीत्व मान्य होते. स्मिथ यांनी सहा विवाह केले आणि दत्तक धरून त्यांना ४८ मुले होती. या प्रथेविरुद्ध सरकारने खटले भरायला सुरुवात केली, तेव्हा अटक टाळण्यासाठी १८८५ ते १८८७ या काळात त्यांनी आसरा घेतला तोही ओआहू बेटावरील लाई येथेच. १९०१ मध्ये ते अध्यक्ष झाले. १९०४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांना आपल्या कुटुंबाविषयी साक्ष द्यावी लागली आणि १९०६ मध्ये ३०० डॉलरचा दंडही झाला. युटाच्या वाळवंटात हवाईयन अनुयायांनी १८८९ मध्ये वसवलेल्या गावाला नाव दिले गेले, योसेपा. १ जून १९१५ रोजी लाई येथे मंदिराची जागा त्यांनीच पवित्र केली. मंदिर पुरे होण्यापूर्वी, १९ नोव्हेंबर १९१८ रोजी, त्यांचे निधन झाले.

परंतु हे सारे मानमरातब एका प्रसंगापुढे फिके वाटतात. अध्यक्ष झाल्यानंतर एकदा ते होनोलुलूला उतरले. धक्क्यावर फुलांच्या माळा घेऊन गर्दी लोटली होती. त्या गर्दीतून नव्वदीच्या आसपासची एक आंधळी वृद्धा वाट काढत, योसेपाच्या नावाने हाका मारत आली. तिच्या हातात मोजकी, निवडक केळी होती. ती मा मानुही होती. स्मिथ धावत तिच्याकडे गेले, तिला मिठी मारली, तिच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. डोळ्यांतून आसवे गळत असताना त्यांनी सोबतच्या सहकाऱ्याला सांगितले की, आपण आजारी पडलेले पोर होतो, आपल्याला कोणी नव्हते, तेव्हा या माउलीने आपल्याला घरात घेतले.

जगाला धर्म शिकवायला निघालेल्या त्या मुलाला हवाई बेटांवर आई पुन्हा मिळाली. पन्नासहून अधिक वर्षे लोटली, दृष्टी गेली, तरी त्या माउलीच्या लेखी तो पंथाचा अध्यक्ष नव्हता. तापाने फणफणलेला, परक्या गावचा योसेपाच होता.