खंड्याची पालखी

शेजारचं बिऱ्हाड आठ दिवसांसाठी देवाला गेलं आणि जाताना आपला कुत्रा आमच्या पदरात टाकून गेलं. आमच्या कबनूरच्या गल्लीत यंत्रमागांच्या खडखडाटातही ज्याचं भुंकणं ऐकू येतं, असा हा प्राणी. पहिल्याच रात्री मालकाची जुनी चप्पल तोंडात धरून त्याने खाटेखाली मुक्काम ठोकला आणि भाकरी घेऊन गेलेल्या धाकट्यावर दात विचकले. दुसऱ्या दिवशी पायपुसणं फाडलं, दूधवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. घरात लगेच दोन पक्ष पडले. एक काठी दाखवा म्हणणारा, दुसरा दोन दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका म्हणणारा. मी दुसऱ्या पक्षात गेलो, त्याला कारण साताऱ्याचे शाहू छत्रपती.

कोल्हापूर जिल्ह्यात शाहू म्हटलं की राजर्षी डोळ्यांपुढे येतात. हे त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचे. शिवछत्रपतींचे नातू, संभाजीराजांचे पुत्र. जन्म १६८२ चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. सातव्या वर्षी वडिलांचा क्रूर वध झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि आई येसूबाईंसह हे पोर औरंगजेबाच्या छावणीत गेलं. तिथे ते राहिलं थोडंथोडकं नव्हे, सतरा-अठरा वर्षं. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्याला माया लावली असं सांगतात. पण माया कितीही असली तरी घर परक्याचंच. कोण आपलं, कोण परकं, कुठे बोलायचं, कुठे गप्प राहायचं, हे त्या वयात शिकावं लागलं. याच मुलाच्या स्वभावात पुढे जो विलक्षण सोशिकपणा आला त्याचं मूळ मला या छावणीत दिसतं. हे माझं मत; इतिहासकारांनी हवं तर खोडून काढावं.

१७०७ साली औरंगजेब गेला आणि आझमशहाने शाहूंना सोडलं. आई मात्र ओलीस राहिली, ती परत आली १७१९ साली. दक्षिणेत येताना पारद गावी लढाई झाली. गावच्या पाटलाच्या, लोखंड्यांच्या बायकोने आपलं तान्हं मूल शाहूंच्या पुढ्यात आणून टाकलं. शाहूंनी ते उचललं, फत्तेसिंह नाव ठेवलं आणि पोटच्या मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं संस्थान त्याच फत्तेसिंहाचं. दुसऱ्याचं लेकरू सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याला स्वतःवरून कळलं होतं त्यालाच हे सुचावं.

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव आणि नानासाहेब या तिन्ही पेशव्यांना त्यांनीच वस्त्रं दिली. स्वतः तलवार गाजवणारा हा राजा नव्हे. गुरगुरणारे सरदार एका दावणीला ठेवणं ही त्यांची खरी कामगिरी. १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईला बाजीरावांशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. तेव्हा शाहू बाजीरावांना घेऊन थेट तळेगावला उमाबाई दाभाड्यांकडे गेले आणि अपराध्याला समोर उभं करून, हवी ती शिक्षा कर म्हणून त्या माउलीच्या हाती तलवार दिली, अशी हकीकत आहे. तिचा दुसरा मुलगा यशवंतराव सेनापती झाला. त्याच महिन्यात करवीरच्या संभाजींशी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकरांकडे राहिला, त्यात आमचा हा भागही आला. चुलतभावाशी वर्षानुवर्षं चाललेलं भांडण राजाने असं मिटवलं.

अशा या माणसाला शिकारीचा, घोड्यांचा, पाखरांचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद होता. त्यातला एक कुत्रा लाडका, लोक त्याला खंड्या म्हणतात. एकदा शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यामुळे आपला जीव वाचला, असं महाराज सांगत. आता जरा विचार करा. उठल्याबसल्या भुंकणारं, अनोळखी दिसला की झेप घेणारं जनावर वाड्यात असेल तर कोण त्याचं कौतुक करील? पण रानात नेमकं तेच भुंकणं नि तीच झेप धन्याचा जीव राखते. महाराजांनी त्या उपकाराची फेड राजाच्या इतमामाने केली. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, त्याला पालखीचा मान मिळाला, आणि ती पालखी खरोखरच बाळगली गेली. भोयांच्या खांद्यावर पालखी आणि पालखीत कुत्रा! धन्याचं हे जनावर सांभाळणाऱ्या नोकरांनी मनात काय म्हटलं असेल ते वाचकांनीच ताडावं.

दरबारातली गोष्ट याहून प्रसिद्ध. कोणी बडे सरदार भेटीला आले त्या दिवशी महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे नि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी पगडी कधी घातली नाही. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात हा प्रकार बुद्धिभ्रंशाच्या खाती टाकला. आपल्याकडची परंपरा वेगळं सांगते. इंद्रोजी कदम हा सरदार हिऱ्यामोत्यांनी मढून भेटीला येणार असं कळलं, तेव्हा महाराज साध्या पांढऱ्या वेशात बसले आणि सगळे दागिने कुत्र्याला घातले. सरदार काय समजायचं ते समजला. मला दुसरी हकीकत पटते. उन्मत्त माणसाला न मारता, न ओरडता जागेवर आणणं हे याच राजाला शोभणारं आहे.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू गेले. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि तिथेच दगडात कोरलेला खंड्याही बसलेला आहे.

तर आमच्या पाहुण्याची कथा. चप्पल हिसकायची नाही असं ठरवलं. शेजाऱ्यांकडून त्याचं जुनं गोणपाट आणून खाटेखाली सरकवलं, जेवणाची वेळ त्यांच्या घरचीच ठेवली आणि वाढणारा माणूसही एकच ठेवला. गुरगुरला की कोणी डोळ्यांत डोळे घालून उभं राहायचं नाही, पाठ फिरवून लांब बसायचं. धाकट्याला हे सगळ्यात जड गेलं. तिसऱ्या रात्री चप्पल तोंडातच धरून तो खाटेखालून बाहेर आला आणि उंबऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून झोपला. दूधवाल्यावर मात्र तो आठही दिवस भुंकत राहिला.