विश्लेषण : 'भाऊ-बापूं'च्या फडातली विठा 'तमाशासम्राज्ञी' कशी झाली?

राहाता, कोपरगाव किंवा संगमनेर भागातल्या गावाला यात्रेचा तमाशा ठरवायचा असला, की गावकारभारी नारायणगाव गाठतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, फलक झळकतात आणि सुपाऱ्या ठरतात. पुणे-नाशिक महामार्गावरच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. ही ओळख घडवण्यात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या घराण्याचा वाटा फार मोठा. घरच्या फडात वाढलेली ही मुलगी स्वतःच्या नावावर गर्दी खेचू लागली. पण त्या नावाची किंमत तिने कशी मोजली, हे सहसा सांगितले जात नाही.

घरचा फड कोणाचा होता?

विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे हे मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. फडाची सुरुवात त्यांनी केली. पुढे विठाबाईंचे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' असे फडाचे नाव. आडनाव झाकून ठेवण्याची सोय असतानाही या कुटुंबाने जात थेट फलकावर लिहिली, आणि ज्या गावांत या समाजाला पाणवठाही वेगळा होता तिथेही हेच नाव वाचून लोक तमाशाला येत.

जुलै 1935मध्ये पंढरपुरात मुलगी झाली, म्हणून नाव विठा. लावणी, गवळण, भेदिक हे सारे तिच्या कानावर घरातच पडत होते. शाळेत तिचे मन रमले नाही. फडात मात्र ती अगदी लहानपणी उभी राहिली. वेगळी तालीम, वेगळा गुरू असे काही नसे. घरची माणसे गात, वाजवत, नाचत आणि मूल बघूनबघून शिके.

त्यांनी स्वतंत्र नाव कसे कमावले?

तमाशाची रात्र गणाने सुरू होते. मग गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. बहुतेक कलावंत यातल्या एखाद्या भागात तरबेज असतात. कोणी नाचते, पण वगात फिके पडते. कोणाचा आवाज चांगला, पण पायात ताल नाही. विठाबाई गात होत्या, नाचत होत्या आणि वगात भूमिकाही करत होत्या. रात्र सुरू झाल्यापासून वग संपेपर्यंत प्रेक्षकाला धरून ठेवण्याची ताकद एकाच बाईत असणे, हे त्यांच्या नावाचे खरे कारण.

काळही बदलत होता. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या मुद्द्यावर तमाशावर बंदी आणली. ती उठली, तरी सरकारी नजर राहिली. त्याच सुमारास शहरी रसिक तमाशाकडे 'लोककला' म्हणून पाहू लागले होते. अशा वातावरणात 1957मध्ये विठाबाईंना राष्ट्रपतींचे पदक मिळाले. तेव्हा त्यांचे वय अवघे 22 होते. पुढे 1990मध्ये दुसऱ्यांदा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. यथावकाश फलकावर भाऊ-बापूंच्या जागी विठाबाईंचे नाव आले. फडाची मालकीण आणि मुख्य कलावंत एकच झाली.

'एकल' प्रसिद्धीचा इथला अर्थ वेगळा का?

जगाच्या संगीतात घरच्या चमूतून एकटा पुढे निघालेला सर्वांत मोठा तारा म्हणजे मायकल जॅक्सन. भावांच्या 'जॅक्सन फाइव्ह'मधून तो निघाला, 1982च्या 'थ्रिलर'ने जग जिंकले आणि भाऊ मागे राहिले. रेकॉर्ड विकली जाते तेव्हा असे निघता येते. गाणे एकदा ध्वनिमुद्रित केले की पुढची विक्री बसल्याजागी होते.

तमाशात ती सोय नाही. रोज नवे गाव, रोज तंबू ठोकायचा, रोज उभे राहायचे. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाच्या, बिगारी, आचारी, ट्रकचालक अशी सगळी माणसे एका नावावर जगतात. नाव मोठे झाले की तंबू वाढतो, ट्रक वाढतात आणि खाणारी तोंडेही. म्हणूनच विठाबाईंच्या नावातून 'भाऊ' आणि 'मांग' कधी गेले नाही, ते केवळ वडिलांवरच्या मायेने असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फलकावरची ती ओळख हीच फडाची पत होती. घरच्या चमूतून त्या बाहेर पडल्या नाहीत. तो चमूच त्यांच्या खांद्यावर आला.

तो प्रसंग काय होता?

विठाबाईंचे नाव निघाले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. पोट दिसेना, तसे प्रेक्षक चमकले. खरा प्रकार कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले.

ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि त्यात धैर्य आहेच. पण भरल्या दिवसांत त्या बोर्डावर का होत्या, हा प्रश्न मागे पडतो. सुपारी घेतलेली असते आणि मुख्य बाई उभी राहिली नाही तर गाव पैसे देत नाही. त्या रात्रीची मजुरी बुडाली की साऱ्या फडाच्या चुली अडतात.

एवढे नाव असूनही हलाखी का?

हंगाम दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत. पुढे पावसाळा, म्हणजे कमाई शून्य. पण कलावंतांना उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. त्यासाठी कर्ज काढायचे आणि ते पुढच्या हंगामात फेडायचे. अवकाळी पाऊस किंवा दुष्काळाने यात्रा हुकल्या की व्याज चढते. त्यात पुढे सिनेमा आणि घरोघरचा दूरचित्रवाणी संच आला. फडाच्या पोटी फडही जन्मतात. विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे आपला स्वतंत्र फड उभा केला आणि तोही गाजला. घराण्याचे नाव त्यामुळे चालले, पण मूळ फडाला आणखी एक तुल्यबळ स्पर्धक मिळाला.

शेवटच्या दिवसांत विठाबाईंकडे उपचारापुरतेही पैसे नव्हते. राष्ट्रपतींची पदके उपचाराला कामी येत नाहीत. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीतून भागवावे लागले.

त्यांच्या नावाचा पुरस्कार कधी सुरू झाला?

निधनानंतर चार वर्षांनी, 2006मध्ये. तमाशाची सेवा करणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार देते. सुरुवातीच्या मानकऱ्यांत संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर होत्या. पुढे 2010मध्ये आईच्या नावाचा हा पुरस्कार मंगला बनसोडे यांनाही मिळाला.