एलिझाबेथ फ्राय

एलिझाबेथ फ्राय (माहेरचे आडनाव गर्नी, २१ मे, १७८० – १२ ऑक्टोबर, १८४५) या इंग्लंडमधील तुरुंगसुधारक व समाजसेविका होत्या. सुटून आलेली स्त्री पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये, यासाठी तिच्या हाती कसब आणि तिच्या मुलांना शिक्षण मिळाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

सुरुवातीचे जीवन

एलिझाबेथ यांचा जन्म नॉरिच येथील एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. वडील जॉन गर्नी हे बँक व्यावसायिक होते. एलिझाबेथ १२ वर्षांच्या असताना आईचे निधन झाले. १७९८ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम सॅव्हरी यांच्या प्रवचनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि त्यांनी क्वेकरांची साधी राहणी स्वीकारली. पुढे तुरुंगात कलाकुसर नेणाऱ्या या बाईंनी संगीत व नृत्य मात्र स्वतःला वर्ज्य मानले, हे लक्षणीय आहे. १८०० मध्ये लंडनचे जोसेफ फ्राय यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना ११ अपत्ये झाली.

न्यूगेट तुरुंगातील कार्य

१८१३ मध्ये स्टीफन ग्रेलेट या क्वेकर धर्मोपदेशकाकडून हकिकत ऐकून फ्राय प्रथम लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या. सुमारे ३०० स्त्रिया आणि त्यांची मुले तेथे दाटीवाटीने राहत होती. खटला चालू असलेल्या व शिक्षा झालेल्या स्त्रियांत भेद नव्हता. स्वयंपाक, धुणे व झोपणे एकाच जागी होई. त्यांनी तान्ह्या मुलांसाठी कपडे नेले. घरगुती अडचणींमुळे हे काम पुन्हा हाती घेण्यास १८१६ ची अखेर उजाडली.

या वेळी आरंभ मुलांच्या शाळेने झाला. घड्याळाच्या चोरीबद्दल शिक्षा भोगणारी मेरी कॉनर ही बंदीच तिथली शिक्षिका झाली. मुलांना शिकताना पाहून स्त्रियांनीही शिकवण्याची मागणी केली. तेव्हा १८१७ मध्ये फ्राय यांनी महिलांची संघटना स्थापन करून शिवण व विणकाम सुरू केले. शिस्तीचे नियम बंदी स्त्रियांपुढे एकेक करून मताला टाकले गेले. भीक मागणे, जुगार व शिवीगाळ यांबरोबर कादंबऱ्या आणि नाटकेही निषिद्ध ठरली. आजच्या वाचकाला हे कठोर वाटेल. तरीही ज्यांच्याशी त्यापूर्वी केवळ दंडुक्याची भाषा होती, त्यांची संमती घेणे हीच मोठी नवलाई होती.

१८१८ मध्ये फ्राय यांनी कॉमन्स सभेच्या समितीपुढे साक्ष दिली. १८२३ च्या तुरुंगविषयक कायद्याने स्त्री-बंद्यांवर स्त्री-रक्षक नेमण्याचे तत्त्व मान्य झाले. खोट्या नोटा चालवल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या हॅरिएट स्केल्टन हिला वाचवण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला आणि गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांचा रोषही ओढवला.

जहाजावरील गोधडी

ऑस्ट्रेलियातील वसाहतींत पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांना उघड्या गाड्यांतून, जमावाच्या हेटाळणीत बंदरावर नेत. फ्राय यांच्या आग्रहावरून बंद गाड्या वापरल्या जाऊ लागल्या. दीर्घ प्रवासासाठी प्रत्येकीला सुया, दोरे, कात्री आणि रंगीत कापडांचे तुकडे असलेली पिशवी दिली जाई. त्यातून शिवलेले पांघरूण विकून परमुलखात चार पैसे गाठीला राहावेत, हा त्यामागचा हेतू होता.

१८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजातून होबार्टला गेलेल्या स्त्रियांनी शिवलेली २,८१५ तुकड्यांची गोधडी आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहे. ती शिवणाऱ्या हातांपैकी बहुतेकांची नावे गोधडीवर नाहीत.

टीका आणि उत्तरायुष्य

स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. १८२८ मध्ये पतीच्या पेढीचे दिवाळे निघाले, क्वेकरांनी जोसेफ यांना सदस्यत्वातून काढले आणि कुटुंबाला मोठे घर सोडावे लागले. पुढील दशकात सरकारी निरीक्षकांनी एकांतकोठडीच्या पद्धतीचा पुरस्कार करून न्यूगेटवर ताशेरे ओढले. फ्राय यांना दीर्घ एकांतवास अमानुष वाटे. १८४० मध्ये त्यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था काढली.

रॅम्सगेट येथे त्यांचे निधन झाले आणि बार्किंग येथील क्वेकर दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांसाठी १८४९ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात त्यांच्या नावाने आश्रयगृह सुरू झाले. २००२ पासून काही वर्षे बँक ऑफ इंग्लंडच्या ५ पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.