फियाटच्या चाकांमागचा माणूस

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील एखाद्या गॅरेजमध्ये जुनी फियाट आली, की तक्रार बहुधा ठरलेली असते. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग किंचित वळवून धरावे लागते, टायर एकाच कडेने झिजतात. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट दोन-तीनदा करून झालेले असते आणि तरीही गुण आलेला नसतो. मुरलेला कारागीर आधी चारही टायरमधील हवा पाहतो, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो का ते तपासतो आणि मग गाडी ओल्या जमिनीवरून सरळ पुढे घ्यायला सांगतो. मागच्या चाकांचे ठसे पुढच्या ठशांच्या तुलनेत एका अंगाला सरकलेले दिसले, तर खोट स्टेअरिंगमध्ये नसून मागच्या एक्सलमध्ये आहे, असे तो समजतो. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत असते आणि चालक पुढची चाके नकळत वळवून तिला रस्त्यावर ठेवत असतो.

दोरी, ओळंबा आणि खडू एवढ्यावर जिचे दुखणे ओळखता यावे, अशी ही गाडी ज्यांच्या देखरेखीखाली आकाराला आली, ते दान्ते जाकोसा कारागिरांच्या या जगात फारसे कोणाला ठाऊक नाहीत. इटलीत मात्र छोट्या मोटारीचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय सांगताच येत नाही.

जाकोसा यांचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी रोममध्ये झाला. घराणे उत्तरेकडील पीडमाँट प्रांतातले. तुरीनच्या तंत्रविद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी ते फियाटच्या उद्योगसमूहात दाखल झाले. लष्करी वाहने, मग विमानांची इंजिने अशी कामे करत ते रेखाटनाच्या मेजावर तयार झाले.

फियाटचे सर्वेसर्वा जोव्हानी आन्येली यांना त्या सुमारास सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हवी होती. ओरेस्ते लार्दोने या अभियंत्याने तशी एक गाडी बनवलीही. तिच्यात इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळत असे. १९३१ मध्ये चाचणीच्या वेळी, खुद्द आन्येली आत बसलेले असताना, या गाडीने पेट घेतला. लार्दोने यांची नोकरी गेली आणि पुढची चाके फिरवण्याची ती कल्पनाही कंपनीत निषिद्ध ठरली. एका आगीने लागलेला हा बट्टा पुसायला फियाटला तीन दशकांहून अधिक काळ लागला. गाडीने पेट का घेतला, याची शहानिशा होण्याऐवजी रचनेलाच शिक्षा झाली, असे म्हणावे लागेल.

१९३४ मध्ये छोट्या गाडीचे काम आन्तोनिओ फेसिया यांच्या हाताखालील जाकोसांकडे आले. वय अवघे २९. त्यांनी ५६९ सीसीचे, १३ अश्वशक्तीचे इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे नेऊन ठेवले आणि त्यामुळे मोकळी झालेली जागा माणसांना दिली. १९३६ मध्ये आलेल्या या फियाट ५०० ला लोकांनी लाडाने तोपोलिनो, म्हणजे छोटा उंदीर, असे नाव दिले. सर्व आवृत्त्या मिळून पाच लाखांहून अधिक तोपोलिनो तयार झाल्या.

गाडी दोघांची होती. बैठकीमागे सामानापुरती जागा होती. पण चार पैसे गाठीला लावून गाडी घेतलेल्या कुटुंबाला तेवढ्यावर थांबणे कसे जमणार? मागे मुले बसू लागली, मग मोठी माणसेही बसली. मागचा एक्सल आखूड पाव कमानी पाट्यांवर तोललेला होता. चाकांना जागेवर धरून ठेवण्याचे कामही त्या पाट्यांकडेच होते आणि हा भार त्यांना पेलेना. १९३८ मध्ये चौकट मागे वाढवून अर्धकमानी लांब पाटे बसवण्यात आले. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही आखूड पाट्यांची आणि लांब पाट्यांची तोपोलिनो असा भेद करतात. आराखडा दोघांसाठी केला, तरी गाडीत माणसे किती बसतील हे मालक ठरवतो. आपल्याकडे हे वेगळे सांगायला नको.

युद्ध संपता संपता जाकोसांनी फियाट ११०० चे सुटे भाग वापरून चिझितालिया कंपनीसाठी एक छोटी शर्यतीची गाडीही आखली. पण भारताशी त्यांचा संबंध जुळला तो १९५३ मध्ये जिनिव्हात मांडलेल्या नव्या ११०० मुळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९५१ पासून फियाट ५०० ची जुळणी सुरू झाली. एप्रिल १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. ११०० भारतात आली ती पुढच्या वर्षी. गोलसर पाठीमुळे तिला डुक्कर फियाट हे नाव पडले, आणि याच घराण्यातील पुढची गाडी १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली.

या ११०० ला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. मागचा अखंड एक्सल दोन लांब पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो आणि पाट्याच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टचे डोके त्याला जागेवर धरते. खड्ड्यात आदळून तो बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल पडले, की एक्सल एका बाजूने मागे सरकतो. एक्सल अखंड असल्याने दोन्ही चाके एकाच दिशेला तिरकी होतात. पुढची चाके फक्त एकमेकांशी जुळवून पाहणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही.

दोरीला ते दिसते. पुढची चाके सरळ ठेवून मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकेल अशी दोरी चाकाच्या मध्याच्या उंचीवर पुढे ताणायची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील रुंदी सारखी नसते, त्यामुळे दोरी आणि पुढचे टायर यांत फरक राहणारच. तो डावी-उजवीकडे समान हवा. समान नसेल, तर चाकांच्या मध्यातून ओळंबे सोडून जमिनीवर खडूने खुणा करायच्या. ११०० च्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २३४० मिलिमीटर असते, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे भरले पाहिजे. मग पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलपर्यंत मोजायचे. तेथे फरक निघाला, तर दोष बोल्टचा. तेथे अंतर सारखे असून सांगाड्याचे कर्ण जुळत नसतील, तर अपघाताने किंवा गंजाने पत्राच हललेला असतो, आणि मग काम पान्ह्याचे राहत नाही. सगळी मापे जुळूनही एकच टायर झिजत असेल, तर एक्सलचे हाउसिंग वाकले आहे का, ते पाहावे लागते.

१९५५ च्या फियाट ६०० मध्ये जाकोसांनी इंजिन मागे नेले. चार माणसांची, तरीही स्वस्त गाडी करायची तर त्या वेळी त्यांना हाच मार्ग दिसला. मागे इंजिनाचे वजन आल्यावर चाके भरकटू नयेत, म्हणून प्रत्येक चाकाला स्वतंत्र त्रिकोणी बाहू दिला. येथे दोन्ही चाके वेगवेगळी चुकू शकतात, पण ती वेगवेगळी दुरुस्तही करता येतात. बाहूच्या सांध्याशी पातळ चकत्या कमी-जास्त केल्या, की चाकाची दिशा बदलते. १९५७ च्या चिमुकल्या ५०० लाही हीच पद्धत लाभली. या ५०० साठी १९५९ मध्ये इटलीचा सोनेरी कंपास हा रचनाकारांचा मानाचा पुरस्कार जाकोसांना मिळाला.

लार्दोने यांची वर्ज्य कल्पना त्यांनी सोडली नव्हती. १९६४ मध्ये, फियाटचे नाव न लावता, आउतोबियांकी प्रिमुला या गाडीत त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी ठेवला आणि शक्ती पुढच्या चाकांना दिली. ती गाडी चालली, तेव्हा कुठे १९६९ मध्ये खुद्द फियाटच्या नावाची १२८ त्या रचनेवर निघाली. पुढे जगातील बहुतेक छोट्या गाड्यांनी हीच मांडणी उचलली.

१९७० मध्ये जाकोसा निवृत्त झाले. ३१ मार्च १९९६ रोजी तुरीनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मुंबईत पद्मिनी तयार होतच होती, त्याच पाट्यांवर आणि त्याच सेंटर बोल्टवर.