पहिल्या मिनिटाचा हिशेब

प्रसूतिगृहातून बाळाला घरी नेताना जे कागद हाती पडतात, त्यांत वजन आणि जन्मवेळेच्या आसपास कोठेतरी ‘ॲपगार’ या शब्दापुढे दोन आकडे लिहिलेले असतात. आठ आणि नऊ, किंवा सात आणि नऊ. वजन आणि जन्मवेळ साऱ्या नातलगांना कळवली जाते; या दोन आकड्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ॲपगार हे एका अमेरिकन भूलतज्ज्ञ स्त्रीचे आडनाव आहे, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. जन्मलेल्या बाळाकडे पहिल्याच मिनिटाला नीट पाहिले पाहिजे, अशी शिस्त डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी प्रसूतिगृहाला लावली.

व्हर्जिनिया यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्टफील्ड येथे झाला. वडील विमा व्यवसायात होते. पण दुर्बिणी आणि बिनतारी यंत्रे हा त्यांचा खरा छंद. घरात संगीत होते, तसे आजारपणही होते. एक भाऊ क्षयाने बालपणीच गेला, दुसरा सतत आजारी असे. माउंट होलिओक महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना व्हर्जिनियांनी अनेक लहानमोठी कामे करून खर्च भागवला. प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरे पकडून आणणे हे त्यांतलेच एक. १९२९ मध्ये पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि काही आठवड्यांतच अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. १९३३ मध्ये त्या वर्गात चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, त्या डोक्यावर कर्ज घेऊनच.

त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. हात कुशल होता, प्रशिक्षणही सुरू झाले होते. परंतु विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेवरून परावृत्त केले. मंदीच्या त्या काळात स्त्री शल्यविशारदाकडे रुग्ण येणे कठीण होते. शिवाय शस्त्रक्रिया पुढे न्यायची तर भूलशास्त्रही पुढे गेले पाहिजे, हे व्हिपल ओळखून होते. तोवर तेथे भूल देण्याचे काम प्रामुख्याने परिचारिकाच करीत. व्हर्जिनियांनी मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांच्याकडे आणि नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात भूलशास्त्राचे धडे घेतले. १९३८ मध्ये त्या कोलंबियात परतल्या, त्या भूलशाखेच्या प्रमुख म्हणून. अकरा वर्षे त्यांनी ती शाखा उभी केली. १९४९ मध्ये तिचे स्वतंत्र विभागात रूपांतर झाले, तेव्हा प्रमुखपद मात्र एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. त्याच वर्षी त्या प्राध्यापक झाल्या. त्या महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. प्रशासनाचा भार उतरताच त्यांनी प्रसूतिकक्षाकडे मोर्चा वळवला.

तेथील चित्र अस्वस्थ करणारे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बालमृत्यू बरेच घटले होते. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू त्या प्रमाणात घटत नव्हते. बाळ बाहेर आले की साऱ्यांचे लक्ष आईकडे वळे. निळसर पडलेले, हातपाय सैल सोडलेले, धड न रडणारे बाळ जगणारच नाही असे गृहीत धरून बाजूला ठेवले जाण्याचे प्रकार घडत. कोणत्या बाळाला मदत हवी, किती आणि किती तातडीने, हे ठरवण्याची सर्वमान्य रीत नव्हती. प्रत्येक डॉक्टरचा अंदाज वेगळा. आईला दिलेली भुलीची औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, त्यांचा परिणाम काय होतो, हेही कोणी पद्धतशीरपणे मोजले नव्हते.

१९४९ मधील एका सकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात न्याहारी करताना एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची अवस्था नेमकी कशी तपासावी. ते तर सोपे आहे, असे म्हणत त्यांनी समोरचा कागद ओढला, त्यावर पाच मुद्दे लिहिले आणि ते पडताळून पाहण्यासाठी लगेच प्रसूतिकक्ष गाठला, अशी हकिकत सांगितली जाते.

हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या त्या पाच खुणा. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नसतील तर शून्य, मिनिटाला शंभरापेक्षा कमी असतील तर एक, अधिक असतील तर दोन. श्वासच नसेल तर शून्य, मंद आणि अनियमित असेल तर एक, बाळ जोमाने रडत असेल तर दोन. हातपाय लुळे असतील तर शून्य, थोडे दुमडलेले असतील तर एक, बाळ ते झाडत असेल तर दोन. नाकात नळी घातल्यावर काहीच हालचाल नसेल तर शून्य, नुसते तोंड वेडेवाकडे केले तर एक, शिंकले वा रडले तर दोन. सर्वांग निळे वा पांढरेफटक असेल तर शून्य, धड गुलाबी पण हातपाय निळे असतील तर एक, सर्वांग गुलाबी असेल तर दोन. बेरीज सात ते दहा आली तर बाळ ठीक. चार ते सहा आली तर मदतीची गरज. त्याहून कमी आली तर जीव धोक्यात. याला ना यंत्र लागत होते, ना रक्ततपासणी. हे गुण प्रसूती करणाऱ्याने न देता दुसऱ्या कोणी द्यावेत, असा व्हर्जिनियांचा आग्रह असे. आपल्या हातून जन्मलेल्या बाळाला झुकते माप देण्याचा मोह कोणालाही होईल, हे त्या जाणून होत्या.

१९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत एका परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या पहिल्या लेखात १,०२१ बाळांची नोंद होती. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी शून्य ते दोन गुण मिळालेल्यांत १४ टक्के दगावली होती, तर आठ ते दहा गुणांच्या बाळांत हे प्रमाण ०.१३ टक्के होते. एका मिनिटाबरोबर पाचव्या मिनिटालाही गुण देण्याची प्रथा पुढे पडली.

स्टॅन्ली जेम्स आणि डंकन हॉलाडे या सहकाऱ्यांसह त्यांनी नाळेतील रक्ताचा अभ्यास केला. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्लता अधिक आढळली. म्हणजे ही बाळे गुदमरलेली होती. ती आपोआप सावरतील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आईला सायक्लोप्रोपेन वायूची भूल दिली तर बाळे अधिक मंदावतात, हेही याच कामातून दिसले. हा वायू स्वतः व्हर्जिनियांच्या पसंतीचा होता. पुरावा समोर येताच त्यांनी प्रसूतीसाठी त्याचा वापर थांबवला.

१९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ बटरफील्ड यांनी ॲपगार या नावातील पाच इंग्रजी अक्षरांना अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, ॲक्टिव्हिटी आणि रेस्पिरेशन असे पाच शब्द जोडले. विद्यार्थ्यांची सोय झाली आणि नाव जगभर गेले.

व्हर्जिनिया बोलत झपाट्याने आणि मोटारही तशीच चालवीत. पर्समध्ये चाकू आणि श्वासनलिकेत घालायची नळी कायम बाळगीत. वाटेत कोणाचा श्वास कोंडला तर हात बांधून उभे राहणे त्यांना मान्य नव्हते. व्हायोलिन आणि चेलो त्या वाजवीत, आणि स्वतःच्या हाताने घडवीतही. रुग्णालयाच्या टेलिफोन बूथमधील एक फळी व्हायोलाच्या पाठीसाठी उत्तम म्हणून रात्री मैत्रिणीच्या मदतीने त्यांनी ती गुपचूप काढून नेली आणि जागी दुसरी बसवली, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

१९५९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या विभागाची सूत्रे हाती घेतली. १९६४-६५ च्या रुबेला साथीत अमेरिकेतील हजारो बाळे व्यंगांसह जन्मली. त्यानंतर त्यांनी रुबेलाच्या लसीकरणाचा हिरिरीने पुरस्कार केला. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, ज्या कोलंबिया प्रेस्बिटेरियन रुग्णालयात त्यांची उमेद गेली, तेथेच त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

काळाच्या ओघात या गुणांच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे काम आता मिनिट भरण्याची वाट पाहत नाही; ते जन्मल्याबरोबर सुरू होते. सावळ्या त्वचेवर निळसरपणा चटकन दिसत नाही, म्हणून जीभ आणि ओठ पाहावे लागतात. कमी गुणांवरून मुलाच्या बुद्धीचे भाकीत करू नये, असेही तज्ज्ञ बजावतात. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाने परिचारिकांना आणि डॉक्टरांना नेमके हेच शिकवले, की बाळ जन्मताच त्याला कोरडे करा, ऊब द्या, श्वास पाहा आणि तो नसेल तर पिशवी व मुखवट्याने ताबडतोब द्या. प्रत्येक जन्माच्या वेळी बाळाकडे पाहणारी एक व्यक्ती हजर असलीच पाहिजे, हे आज गृहीत धरले जाते. १९४९ मध्ये ते तसे नव्हते.