पालवणकर बाळू : बोलिंगला हवा, कप्तान म्हणून नको

होस्टेलवर दोन विषयांवर रात्री दोन वाजेपर्यंत भांडण चालू शकतं. एक मेसचं बिल आणि दुसरा टीम सिलेक्शन! फर्स्ट इयरच्या नव्या पोराला शॉर्टलेगला उभं करायचं की फायनल इयरच्या जड झालेल्या भाऊंना, कप्तान कुणाच्या ब्रँचचा, या वादात सबमिशनच्या फाईली बाजूला पडतात. मी कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा. आमच्या गावाकडच्या टेनिस बॉलच्या टीममध्येही हेच. पहिले दहा जण पाच मिनिटांत ठरतात, कप्तानावर मात्र अर्धा दिवस जातो. कारण उघड आहे. बोलर चांगला की वाईट हे स्टंप सांगतो. कप्तान कुणाला करायचं हे मात्र माणसं ठरवतात, आणि तिथे मग खेळ सोडून बाकी सगळं मोजलं जातं.

या गोष्टीची सगळ्यात मोठी केस आपल्याच महाराष्ट्रात, तीसुद्धा शंभर वर्षांपूर्वी घडली. लगानमधला कचरा सगळ्यांना आठवत असेल. २००१ साली तो पिक्चर आला तेव्हा अनेकांना त्या कचऱ्यात एक खरा माणूस दिसला. त्याचं नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, चर्मकार समाजातलं. वडील सैन्यात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे बाळूंना एका पारशी क्रिकेट क्लबात काम मिळालं. काम कसलं, तर पिच झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये झाले.

पूना क्लबात नेट लावणं, खेळपट्टी तयार करणं ही त्यांची ड्युटी. मधल्या वेळात साहेब लोकांना प्रॅक्टिससाठी बोलिंग टाकायची. कॅप्टन ग्रेग हा त्या काळातला नावाजलेला बॅट्समन. तो बाकीच्यांच्या आधी येऊन बाळूंना तासन् तास बोलिंग करायला लावायचा. आऊट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया! महिन्याला आठ वेळा ग्रेगची दांडी उडवली की पगार डबल. यापेक्षा चांगली इन्सेंटिव्ह स्कीम आपल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातही सापडणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या हजारो बॉलच्या बदल्यात बॅट हातात घेण्याची संधी त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, बोलिंग नोकराने.

या सक्तीच्या सरावातून एक जबरदस्त डावखुरा फिरकी बोलर तयार झाला. बॉल दोन्ही बाजूंना वळवायचा, वेग कमीजास्त करायचा आणि टप्पा तर दिवसभर न चुकणारा.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि त्यासाठी लागणारा बोलर गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. घ्यायचा की नाही? क्लबात फूट पडली. काही तेलुगू खेळाडूंनी बाळूंची बाजू लावून धरली, सनातनी मंडळी कुरकुरली. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळत होते, त्यात कुणाला विटाळ वाटला नाही. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं. विकेट सगळ्यांची, चहा मात्र ज्याचा त्याचा!

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात विकेट घेतल्या. पुण्यात कौतुक झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा खेळाडूंना सरळ सुनावलं, की याच्याबरोबर खेळता तर याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेलं. तिथे बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. विरोध तिथेही होता, पण तो पुण्यापेक्षा लवकर मावळला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच विकेट घेतल्या. शिवरामही या टीममध्ये होते. एव्हाना दोघे भाऊ जिमखान्यात इतरांच्या पंगतीला बसू लागले होते. म्हणजे चहाचा प्रश्न विकेटनी सोडवला असं म्हणायला हरकत नाही.

१९११ साली भारताची टीम इंग्लंडला गेली. कप्तान कोण, तर पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय वर्षं १९. बाळू तेव्हा पस्तिशीचे. टीमची अवस्था बिकट होती. तेवीस सामन्यांपैकी जिंकले फक्त सहा, पण बाळूंनी एकट्याने ११४ विकेट काढल्या, सरासरी १८.८४. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यातल्या मानपत्रामागे कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता असं सांगतात. आंबेडकरांना त्यांच्याबद्दल त्या वयात फार अभिमान होता.

आता मुद्द्याचं. १९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चौरंगी सामने सुरू झाले. हिंदूंच्या टीममधला सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू बाळू. कप्तानपद मात्र दर वर्षी दुसऱ्या कुणाकडे, तेही उच्चवर्णीयाकडे. १९१३ चे कप्तान एम. डी. पै मोठ्या मनाचे. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंचा होता. तरी निवड समिती हलली नाही. बोलर म्हणून त्यांना वगळण्याची कुणाची हिंमत नव्हती. पण त्यांनी हात वर करून फिल्डरला इकडून तिकडे हलवायचं आणि वरच्या जातीच्या पोरांनी ते ऐकायचं, हे गळी उतरत नव्हतं. माझ्या मते मातीच्या भांड्यातल्या चहापेक्षा हा अपमान मोठा. भांडं डोळ्यांना दिसतं, हे तर सिलेक्शनच्या कागदात लपून जातं.

१९२० साली ते ४४ वर्षांचे होते आणि त्यांना टीममधून वगळलं. आता वयाचं कारण खोटं म्हणता येणार नाही, चव्वेचाळीसाव्या वर्षी कुणालाही बसवतील. पण त्याच वेळी पै आजारी पडले आणि कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिलं. देवधर मोठेच खेळाडू, त्यांच्या नावाची ट्रॉफी आपल्याला माहीत आहे. मात्र टीममध्ये बाळूंचा धाकटा भाऊ विठ्ठल होता, त्यांना ज्येष्ठ असलेला आणि त्या काळातला अव्वल बॅट्समन. इथे वयाचं कारणही चालत नव्हतं. मग विठ्ठल आणि शिवराम यांनी काय केलं? नाव मागे घेतलं. वर्तमानपत्रांत निवेदन दिलं की जातीमुळे डावललं जात असेल तर आम्ही खेळणार नाही.

मुंबईत खळबळ उडाली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध बोलू लागले होते, त्यामुळे जिमखान्याला हे झटकून टाकणं जड गेलं. तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या फायनलला पै कप्तान म्हणून परतले, भाऊ परतले आणि बाळूंना बोलावून उपकप्तान केलं. पै मधूनमधून मैदानाबाहेर जात, म्हणजे तेवढा वेळ टीम बाळूंच्या हाती. त्यांच्या वाट्याला आलेलं कप्तानपद एवढंच. एका सज्जन माणसाने बाहेर जाऊन मोकळी करून दिलेली जागा.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले आणि टीमने स्पर्धा जिंकली. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत त्यांच्या टीमने ती तीनदा जिंकली. एवढी वर्षं जिमखाना कशाला घाबरत होता कोण जाणे!

बाळूंचं पुढचं आयुष्य राजकारणातलं, आणि इथे गोष्ट साधी राहत नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात, म्हणजे आंबेडकरांच्या मूळ मागणीच्या विरोधात होते. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ज्याने आपला अभिमान बाळगला त्याच्याविरुद्ध उभं राहताना त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. हिंदू टीममध्ये राहून जागा मिळवायची हा त्यांचा आयुष्यभराचा मार्ग होता, बहुधा राजकारणातही त्यांनी तोच धरला. तो पटो न पटो, त्यांच्यापुरता तो अनुभवातून आलेला होता.

प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१ एवढा हिशोब मागे ठेवून ४ जुलै १९५५ ला ते मुंबईत गेले. नंतर नाव जवळजवळ पुसलं गेलं. २००२ मध्ये रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिला आणि बाळू पुन्हा लोकांसमोर आले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४८ साली, विठ्ठल पालवणकरांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं होतं, माझे क्रीडा-जीवन. जुन्या वाचनालयाच्या कपाटात कुठे दिसलं तर सोडू नका, आणि आधी मला कळवा.